बीएस्सीला 84 टक्के, कॅम्पसला पहिल्याच सेमिस्टरला आपटी: पोरीला नाशिकला परत आणू का?

प्रश्न: "आम्ही निफाड तालुक्यातले. चार एकर द्राक्षबाग. मुलीने नाशिकला राहून बीएस्सी केलं, 84 टक्के पडले, गावात पेढे वाटले. प्रवेश परीक्षा देऊन पुणे विद्यापीठात एमएस्सी केमिस्ट्रीला नंबर लागला. आता पहिल्या सेमिस्टरचा निकाल आला. एका विषयात राहिली, बाकी काठावर. फोनवर रडते, 'मला इथलं झेपत नाही' म्हणते. घरचे म्हणतात घेऊन या. मॅडम, यात चूक पोरीची की विद्यापीठाची? आणि तिला नाशिकलाच पुढे शिकवता येईल का?"

दादा, माल उतरवायची घाई चालू असताना तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्यावरून घरात काय चाललंय ते कळतं. म्हणून उत्तर आधी सांगते: आत्ता आणू नका. दुसरी सेमिस्टर पूर्ण होऊ द्या. का, ते पुढे सांगते. कोणत्या परिस्थितीत माझं न ऐकता लगेच आणायचं, तेही सांगते.

मी 26 वर्षं नाशिकच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतेय. दरवर्षी आमची तीन-चार मुलं कॅम्पसला जातात (आमच्याकडे नुसतं 'कॅम्पस' म्हटलं की गणेशखिंडच) आणि दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत त्यातल्या एखाद्याच्या घरून फोन येतो. द्राक्षाऐवजी कांदा असतो, मुलीऐवजी मुलगा असतो, प्रश्न हाच.

आधी गुणांचं बघू. तिचे 84 टक्के खोटे नव्हते, पण ते ज्या परीक्षेत पडले ती परीक्षा वेगळी होती. संलग्न महाविद्यालयात ती शिकली तेव्हा 100 पैकी 70 गुण विद्यापीठाच्या पेपरला आणि 30 अंतर्गत. पेपर काढणारा कोण, तपासणारा कोण, शिकवणाऱ्याला माहीत नसतं. अशा वेळी सगळे एकाच वाटेने जातात: मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स, आणि 'मॅडम, यंदा काय येईल?' या प्रश्नाचं आम्ही दिलेलं उत्तर. हो, मीही देते. निकाल चांगला लागला नाही तर आम्हालाही विचारणा होते.

कॅम्पसच्या विभागांत निम्मे गुण सेमिस्टरभर चालणाऱ्या अंतर्गत परीक्षांना आणि निम्मे शेवटच्या परीक्षेला. जो शिकवतो तोच पेपर काढतो आणि तोच तपासतो. तिथे 'यंदा काय येईल' याला अर्थच राहत नाही. एक उदाहरण देते, तुमच्या मुलीला वाचून दाखवा, तिला लगेच पटेल. बीएस्सीला विचारतात, 'एसएन1 आणि एसएन2 अभिक्रियांतला फरक लिहा.' तो तक्ता तिला झोपेतून उठवलं तरी काढता येईल. एमएस्सीला विचारतात, 'हा ब्रोमाइड या द्रावकात घातला तर काय मिळेल, द्रावक बदललं तर काय मिळेल, आणि तुम्ही हे कशावरून म्हणता?' तक्ता पाठ असून इथे उपयोग नाही, तो वापरता यावा लागतो. तीन वर्षं ज्याची सवयच नाही ते पहिल्या चार महिन्यांत कसं जमावं? माझ्या पाहण्यात तरी कुणाला फारसं जमलेलं नाही. शिवाय वर्गातले बाकीचेही प्रवेश परीक्षेतून गाळून आलेले. प्रत्येकाच्या गावात पेढे वाटले गेलेले असतात.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती पोरं घरी सांगत नाहीत, लाज वाटते. तिची पदवी इंग्रजी माध्यमातली, पुस्तकं इंग्रजी, उत्तरं इंग्रजीत लिहिलेली. पण आम्ही शिकवतो कसं? फळ्यावर इंग्रजी, तोंडाने मराठी. 'आता हा इलेक्ट्रॉन इकडे सरकला की काय होतं बघा.' कॅम्पसला शेजारी आसाम-केरळची मुलं बसतात, परदेशातली असतात, त्यामुळे सगळं बोलणं इंग्रजीत, तेही झपाझप. तिला विषय कळत नाही असं तिला वाटतं. खरं म्हणजे कान मागे पडतात. पहिलं वाक्य समजून घेईपर्यंत तिसरं निघून जातं. शंका विचारायची तर ती आधी मनात इंग्रजीत जुळवायची, तोवर तास संपतो. यावर इलाज साधा आहे: उद्या जो भाग शिकवणार तो आज रात्री पंधरा मिनिटं वाचायचा, आणि त्याच विषयाचं एनपीटीईएलचं व्याख्यान खाली अक्षरं लावून, वेग कमी करून ऐकायचं. आयआयटीच्या प्राध्यापकांची ही व्याख्यानं फुकट आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीने दिवाळीपासून हे सुरू केलं, होळीपर्यंत ती वर्गात प्रश्न विचारायला लागली होती.

तिसरं, वेळेचं. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे एमएस्सी दोन वर्षांत 88 क्रेडिटची, म्हणजे सेमिस्टरला 22. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे 15 तास, प्रॅक्टिकलचे 30. समजा 14 क्रेडिट थिअरी आणि 8 प्रॅक्टिकल धरले, तर 210 आणि 240, मिळून 450 तास. 15 आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला 30 तास नुसते वर्गात आणि लॅबमध्ये उभं राहण्याचे. जर्नल लिहिणं, सेमिनार, अंतर्गत परीक्षेचा अभ्यास हे त्याच्या वर. तुमची मुलगी 'वेळच मिळत नाही' म्हणत असेल तर ते कारण सांगणं नव्हे, हिशेब तसाच आहे.

आता विद्यापीठाच्या पसाऱ्याचं. पुणे विद्यापीठ 1949 सालचं, 411 एकरांचं, आणि पुणे, अहिल्यानगर, नाशिक या तीन जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं त्याला जोडलेली. आपल्या नाशिकमध्येही दोन सरकारी विद्यापीठांची मुख्यालयं आहेत हे खरं. गोवर्धनजवळचं मुक्त विद्यापीठ 1989 चं आणि म्हसरूळचं आरोग्य विद्यापीठ 1998 चं. पण एक घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी, दुसऱ्याचे विद्यार्थी राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पांगलेले. हजारो मुलं एकाच आवारात राहतात, शिकतात, भांडतात, रात्री दोनला चहा पितात, असं विद्यापीठ नाशिकच्या पोराने पाहिलेलंच नसतं. गंगापूर रोडवरच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला ओळखत होते. दोन दिवस आली नाही तर मैत्रिणीकडे चौकशी व्हायची. तिथे तसं कुणी विचारत नाही.

ही गोष्ट मला ऐकून नाही, भोगून माहीत आहे. माझं एमएस्सी राज्याबाहेरच्या एका मोठ्या विद्यापीठात झालं, नाव सांगत नाही. पहिल्या चाचणीत 20 पैकी 4. लाजेने मी वर्गात जाणं बंद केलं. नऊ दिवस गेले नाही. कुणीही विचारलं नाही. ना शिक्षकांनी, ना विभागप्रमुखांनी, ना शेजारच्या बाकावरच्या मुलीने. दहाव्या दिवशी खोलीवर एक निरोप आला, तो लॅब अटेंडंटचा. प्रत्येकाला काचेच्या सामानाचं एक कपाट दिलेलं असे. 'तुमचं ब्युरेट उघड्यावरच पडलंय, फुटलं तर भरपाई तुमच्याकडून घेतील,' एवढाच निरोप. मी ब्युरेट उचलायला गेले. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि कुठल्या मास्तरांकडे कधी गेलं की ते नीट बोलतात, हे सगळं सांगून टाकलं. तीस वर्षं त्या लॅबमध्ये काढलेला माणूस, त्यांना सगळं ठाऊक होतं.

म्हणून कॅम्पसला जाणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगते: प्राध्यापकांशी ओळख व्हायची तेव्हा होईल, आधी लॅब अटेंडंट, लायब्ररीच्या काउंटरवरचे काका आणि मेसच्या मावशी यांना नावाने ओळखायला लाग. इथे प्रत्येक सोय असते, पण ती आपणहून कुणी हातात आणून देत नाही. कुठली खिडकी कधी उघडते हे याच लोकांना माहीत असतं. शिक्षक वाईट असतात असं नाही. राज्यातल्या सगळ्याच सरकारी विद्यापीठांत वर्षानुवर्षं जागा भरलेल्या नाहीत, जे आहेत त्यांच्यावर पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा, प्रकल्पांचा, समित्यांचा भार. जे तासिका तत्त्वावर येतात ते तास संपला की दुसऱ्या ठिकाणी पळतात. दारावर टकटक करणाऱ्याला मात्र त्यातले बहुतेक वेळ देतात. आपली मुलं टकटकच करत नाहीत. 'सर कामात होते' म्हणून जिन्यातूनच परत फिरतात.

तिने या आठवड्यात एकच काम करावं. ज्या विषयात राहिली त्या विषयाच्या शिक्षकांकडे आपली अंतर्गत परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन जावं आणि विचारावं, 'सर, या उत्तरात नेमके गुण कुठे गेले?' गुण वाढवा असं म्हणायचं नाही. दहा मिनिटांत दोन गोष्टी होतील: पेपर तपासताना काय बघतात ते कळेल, आणि सत्तर चेहऱ्यांतला एक चेहरा त्यांच्या लक्षात राहील. राहिलेला विषय पुन्हा देता येतो, त्यात आभाळ कोसळत नाही. एक विषय मागे राहिलेली आणि पुढे नेट-सेट (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा) काढलेली माझी विद्यार्थिनी आज नाशिक जिल्ह्यातच शिकवते.

राहण्या-खाण्याचं थोडक्यात. वसतिगृहात जागा मिळाली असेल तर ती सोडू नका, पैशांपेक्षाही मैत्रिणींसाठी. जागा मागणाऱ्यांपेक्षा कमीच असतात. पुण्याच्या हॉस्टेलांत मित्राच्या खोलीत बिनपावतीचा राहणाऱ्याला 'पॅरासाईट' म्हणतात, त्यावरून अंदाज घ्या. औंध-खडकीकडे कॉट बेसिसवर राहत असेल तर तिचा एकटेपणा दुप्पट असणार. खर्चाची ओढाताण असेल तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणारी 'कमवा व शिका' योजना आहे. रोज काही तास लायब्ररीत, बागेत किंवा कार्यालयात काम, तासाप्रमाणे मानधन. ते काम करणारी मुलं मला जास्त टिकाऊ दिसली आहेत, कारण त्यांना आवारातले पंचवीस लोक तरी ओळखतात. (सुरगाणा-पेठकडच्या ज्या आदिवासी मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांनी राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या 'स्वयं' योजनेसाठी आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात विचारावं. बरेच जण विचारतच नाहीत.)

एक विचारते, तिचा रडका फोन कोणत्या दिवशी येतो? माझा अंदाज रविवार संध्याकाळ. पुण्यात बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. पुण्याच्या मुली घरी गेलेल्या, लायब्ररी सुनी, जेवायला बाहेर जायचं तर एकटीने. दर वर्षी मला येणारे निम्मे फोन रविवारी रात्री केलेले असतात. त्या वेळी तिने घेतलेला निर्णय मनावर घेऊ नका, तुम्हीही घेऊ नका. सोमवारी संध्याकाळी पुन्हा बोला. आणि बोलताना 'अभ्यास कसा चाललाय' हा प्रश्न महिनाभर बंद. 'आज कुणाशी बोललीस?' एवढं विचारा. उत्तर 'कुणाशीच नाही' असं सलग आठवडाभर आलं तर ती काळजीची गोष्ट, गुणांपेक्षा मोठी.

लगेच आणायचं केव्हा, ते इथे सांगते. झोप उडाली, जेवण सुटलं, आठवडाभर तासांना गेलीच नाही, फोन उचलत नाही किंवा 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास' अशी भाषा सुरू झाली, तर बागेत मजूर असोत नाहीतर व्यापारी, त्याच दिवशी निघा. रात्री-अपरात्री 14416 या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्यासाठीच्या) सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. तो नंबर तिच्याकडेही असू द्या. त्या अवस्थेत एमएस्सी महत्त्वाचं नाही.

तसं काही नसेल तर नाशिकला परत आणून काय होतं ते ऐका. नाशिकच्या चांगल्या महाविद्यालयांत एमएस्सी केमिस्ट्री आहे, आणि तिथे शिकवणारे आम्हीच, वाईट शिकवत नाही! पण कॅम्पसच्या विभागाचा अभ्यासक्रम वेगळा आणि संलग्न महाविद्यालयांचा वेगळा. अर्ध्यातून उचलून इकडे बसवणं कागदावर क्रेडिट बँकेमुळे (मिळवलेले क्रेडिट जमा ठेवून दुसरीकडे वापरण्याची सोय) सोपं दिसतं. प्रत्यक्षात रिकामी जागा, विषय जुळणं आणि कार्यालयाच्या फेऱ्या, यात वर्ष जाण्याची शक्यता जास्त. तेवढ्यासाठीच मी दुसरी सेमिस्टर पूर्ण करा म्हणते. नव्या रचनेत पहिल्या वर्षाचे 44 क्रेडिट पूर्ण केले की पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. म्हणजे राहिलेला विषय तिने काढला, तर मे-जूनमध्येही नकोच वाटलं तरी ती रिकाम्या हाताने येणार नाही.

आता जे मला खरं सांगायचं होतं ते. ही दुसरी सेमिस्टर तिच्यासाठी पहिलीसारखी नाही, कारण यात 4 क्रेडिटचं कार्यानुभव प्रशिक्षण असतं, मुलं त्याला ओजेटी म्हणतात. बहुतेक मुलं जिथून शिक्का मिळेल तिथे जातात. तुमची मुलगी द्राक्षबागेतली आहे. 2010 साल आठवत असेल. लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधातलं क्लोरमेक्वॅट युरोपात आपल्या द्राक्षांत सापडलं, कंटेनर अडकले, निफाड-दिंडोरीत किती घरं बसली ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. ते क्लोरमेक्वॅट शोधणारं यंत्र आणि त्यामागची पद्धत म्हणजे तिच्या विश्लेषणात्मक रसायनशास्त्राच्या पेपरातलं क्रोमॅटोग्राफीचं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याचं प्रकरण. वर्गातल्या शहरी मुलांना 'उर्वरित अंश' हा पुस्तकातला शब्द. तिला फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे वहीत लिहिताना बघून माहीत आहे. पुण्यात मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, द्राक्षांतल्या कीडनाशकांच्या अंशांसाठी देशाची संदर्भ प्रयोगशाळा तिथेच आहे. निर्यातीचे नमुने तपासणाऱ्या, अपेडाची (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळाही आहेत. तिने आपल्या शिक्षकांना सांगून यातल्या एका ठिकाणी अर्ज करावा. मिळेलच असं मी म्हणत नाही. पण 'आमच्या बागेचा नमुना दरवर्षी तपासायला जातो, तो कसा तपासतात ते मला शिकायचंय' असं म्हणणारी मुलगी शिक्षकांच्या लक्षात राहते.

कॅम्पसपासून पाषाण रोडवरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जवळच आहे, 1950 पासूनची. तिथली खुली व्याख्यानं, आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास आवारातल्या आयुकासारख्या (खगोलशास्त्राची संस्था) संस्थांत असणारे कार्यक्रम, हे सगळं चालत किंवा सायकलवर जाण्याच्या अंतरावर. पहिल्या सेमिस्टरला यातलं काहीच तिच्या डोळ्यांत शिरलं नसेल. शिरायला डोकं थोडं मोकळं लागतं.

शेवटची विनंती तुम्हाला. माल उतरला आणि एप्रिलची छाटणी सुरू व्हायच्या आधी चार दिवस मोकळे मिळतात ना, त्यात एकदा तिच्याकडे जा. रविवारी नको, कामाच्या दिवशी. सिन्नरहून पहाटेची एसटी धरा, चाकणची गर्दी गाठायच्या आत पुढे निघाल. वाकडेवाडीला उतरून रिक्षा करा. तिची लॅब बघा, तिच्या मैत्रिणींना जेवायला घाला, तिच्या अटेंडंटना नमस्कार करा. एक पेटी द्राक्षं घेऊन जा, निर्यातीतली. आणि परत चलायचं का, हा विषय त्या दिवशी तुमच्या तोंडून काढू नका. तिने काढला तर ऐकून घ्या, आणि मला कळवा.